नदीचे आरोग्य आणि शेतीची शिस्त : खानदेश-बागलाणातील फड पद्धतीपासून पाणी पंचायतीपर्यंत

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नद्यांचा इतिहास बहुधा धरणे, घाट, तीर्थक्षेत्रे आणि महापूर यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. नदीच्या काठावर व तिच्या पाणलोटात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शेतीला त्यात दुय्यम स्थान मिळते. वास्तविक पाहता पावसाचे पाणी नदीला मिळण्यापूर्वी त्याचा मोठा भाग शेतजमिनीवर पडतो. ते तेथे मुरते की माती घेऊन वाहून जाते, आणि नदीतून उचललेले पाणी कोणत्या पिकाला किती दिले जाते, यावर नदीचा उन्हाळी प्रवाह अवलंबून असतो. त्यामुळे नदीच्या ऱ्हासाचा विचार शेतीपद्धतीच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. प्रस्तुत लेखात खानदेश-बागलाणातील फड पद्धती, महात्मा जोतीराव फुले यांचे कृषिविषयक विचार आणि १९७२च्या दुष्काळानंतरचे ग्रामीण प्रयोग या तीन टप्प्यांच्या आधारे या संबंधाचा परामर्श घेतला आहे.

फड पद्धतीचे स्वरूप

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम व आराम या नद्यांवर फड पद्धती विकसित झाली. तिचा इतिहास सुमारे ३०० ते ४०० वर्षांचा मानला जातो. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या या नद्या पुढे कमी पावसाच्या प्रदेशातून वाहतात. धुळे शहराच्या परिसरात वार्षिक पाऊस साधारणपणे ५०० ते ६०० मि.मी. एवढाच पडतो. अशा प्रदेशात नदीपात्रात दगडी बंधारा बांधून पाण्याची पातळी थोडी उंचावायची आणि ते पाटाने शेतात न्यायचे, ही या पद्धतीची मूळ रचना होय. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग अशी वितरणव्यवस्था असे. जादा पाणी सांडमांवाटे परत नदीत सोडले जाई. बंधाऱ्याचा उद्देश पाणी वळविण्याचा होता. नदी पूर्णपणे अडविण्याचा नव्हता.

भिजणारे क्षेत्र सामान्यतः चार फडांत विभागलेले असे आणि एका फडात एकाच प्रकारचे पीक घेतले जाई. ऊस एखाद्या फडापुरता मर्यादित राही, उर्वरित फडांत हंगामी पिके असत आणि फडांमध्ये पिकांची फेरपालट होई. त्या वर्षी नदीला किती पाणी आहे हे पाहून किती फड भिजवावयाचे याचा निर्णय सामूहिकपणे होत असे. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे टंचाईची झळ एकाच गटाला बसत नसे. पाणी वाटणारा पाटकरी, पिकांची राखण करणारा जागल्या आणि देखरेख करणारा हवालदार यांची नेमणूक गावच करी. हंगामापूर्वी कालव्याची साफसफाई लाभधारक मिळून करीत.

या नियमांचे पर्यावरणीय फलित महत्त्वाचे आहे. फेरपालटीमुळे जमिनीचा कस टिकून राही; सतत ओलिताने जमीन चिबड वा खारवट होण्याचा धोका कमी होई. शेतात मुरलेल्या पाण्याचा काही भाग झिरपून पुन्हा नदीकडे येई आणि खालच्या बंधाऱ्याला त्याचा उपयोग होई. एकाच नदीवर एकापाठोपाठ एक बंधारे टिकून राहिले, याचे एक कारण प्रत्येक गावाच्या मागणीला असलेली ही मर्यादा होय.

आधुनिक सिंचन आणि फुले यांचा विचार

ब्रिटिश राजवटीत सिंचनाची सूत्रे शासनाच्या बांधकाम खात्याकडे गेली. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत दाखल झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्या सेवेच्या आरंभीच पांझरेवरील दातर्ती येथील सिंचनकामावर होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक पद्धती’ सुचविली. ओलिताचे क्षेत्र गटांत विभागणे, उसाला ठराविक हिस्सा देणे आणि पिकांची फेरपालट करणे ही तिची तत्त्वे फड पद्धतीशी लक्षणीय साम्य दर्शवितात. फरक नियंत्रणाचा होता. फडात नियम गाव ठरवीत असे, ब्लॉक पद्धतीत तो अधिकार खात्याकडे होता.

याच काळात महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात शेतीच्या दुरवस्थेची मीमांसा केली. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती, जंगल खात्याने हिरावून घेतलेली चराऊ राने आणि खतास मुकलेली जमीन यांची त्यांनी सांगड घातली. सैन्य व पोलिसांतील मनुष्यबळ वापरून शासनाने ठिकठिकाणी ताली व बंधारे बांधावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग नदीनाल्यांस मिळेल, असे त्यांनी सुचविले. नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ शेतकऱ्यांना विनामूल्य नेऊ द्यावा, अशीही त्यांची मागणी होती. आज ‘माथा ते पायथा’ पाणलोट विकास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कल्पनेचे बीज या विवेचनात आढळते. फड पद्धतीने नदीतून घ्यावयाच्या पाण्याला मर्यादा घातली होती. फुले यांनी नदीला पाणी देणाऱ्या उतारावरील जमिनीकडे लक्ष वेधले.

ऱ्हास आणि पुनर्विचार

स्वातंत्र्योत्तर काळात वरच्या भागातील धरणे, नदीकाठच्या विहिरी, पात्रातून पाणी उपसणारे पंप आणि उसाखालील वाढते क्षेत्र यांमुळे अनेक ठिकाणी फड पद्धती खिळखिळी झाली. ज्याच्याकडे पंप आहे त्याला सामूहिक निर्णयाची गरज उरली नाही. बंधाऱ्याची भिंत शाबूत राहिली, तरी तिच्यामागील सामाजिक करार मोडला.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन मृद्‌संधारणाचे प्रात्यक्षिक उभे केले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या माध्यमातून पाणी पंचायतीची चळवळ आकारास आली. जमिनीच्या मालकीऐवजी कुटुंबातील माणसांच्या संख्येवर पाण्याचा वाटा, माणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर ओलीत, उसासारख्या बारमाही पिकांना बंदी आणि भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क, ही तिची प्रमुख सूत्रे होती. फड पद्धतीचे गौरवीकरण करताना तिची एक उणीव विसरता येत नाही : पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला असल्याने भूमिहीन त्या व्यवस्थेबाहेरच राहत. पाणी पंचायतीने पिकावरील मर्यादा कायम ठेवून ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न केला.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात हाच धागा पुढे नेण्यात आला. पाणलोटाच्या कामांबरोबरच सिंचनासाठी कूपनलिका न घेणे, ऊस व केळी न लावणे आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविणे हे निर्णय ग्रामसभेने घेतले. अडविलेले पाणी तेथे टिकले, यात बांधकामाइतकाच या निर्णयांचा वाटा आहे.

शासनानेही सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा (२००५) आणि भूजल अधिनियम (२००९) यांद्वारे या दिशेने पावले टाकली. मात्र २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाच्या कामांना जे प्राधान्य मिळाले, ते पीकपद्धतीच्या नियमनाला मिळाले नाही, ही टीका अभ्यासकांनी सातत्याने केली आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, शाश्वत शेतीचा नदीला होणारा लाभ तीन गोष्टींवर अवलंबून आहे : उतारावरील माती व पाणी जागीच धरून ठेवणे, पाण्याच्या उपलब्धतेनुसार पिकांची निवड करणे आणि त्या निवडीचा निर्णय सर्वांना बंधनकारक असणे. पहिली गोष्ट शासकीय निधीतून साध्य होऊ शकते. उरलेल्या दोन गोष्टींसाठी गावाची संमती लागते आणि वाट्यात न्याय असल्याशिवाय अशी संमती टिकत नाही. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी आपल्या मागणीला स्वतःहून मर्यादा घातली होती, पण त्या मर्यादेच्या निर्णयात भूमिहीनाला स्थान नव्हते. नदी पुनरुज्जीवनाच्या आजच्या योजना आखताना या परंपरेचे बळ आणि तिची उणीव या दोहोंची दखल घेणे अगत्याचे आहे. बंधारा बांधण्यापूर्वी त्यातील पाण्यावर कोणते पीक घ्यावयाचे आणि त्यात कोणाचा वाटा राहील, हे ठरले नाही, तर अडविलेले पाणी उपशात संपेल आणि नदी पूर्वीप्रमाणेच उन्हाळ्यात कोरडी राहील.