सांभाळणाऱ्यांची विचारपूस

स्वमग्न मुलाच्या घरी आपण जातो, तेव्हा मुलाची चौकशी करतो. तो बोलू लागला का, शाळेत रमतो का, औषध चालू आहे का, असे विचारतो. (स्वमग्नता हा औषधाने जाणारा आजार नव्हे, हे अजून अनेकांस ठाऊक नाही.) त्याला सांभाळणारी आई रात्री किती तास झोपते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न सरकारी यंत्रणेने विचारावा, असे इंग्लंडमध्ये ठरावयास अर्धे शतक लागले. ती हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

प्रारंभी प्रश्न नव्हता, आरोप होता. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून ह्या स्थितीचे सविस्तर वर्णन केले आणि पालकांच्या कोरडेपणाकडेही बोट दाखविले. १९६७ साली शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी आपल्या ग्रंथात तो दोष अधिकच ठामपणे मातांच्या माथी मारला. रात्ररात्र जागणाऱ्या स्त्रीला विद्वानांनी थंड काळजाची ठरवावे, ह्याहून मोठा अन्याय आम्हांस सुचत नाही. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. ह्या स्थितीचे मूळ शरीरात आहे, संगोपनात नव्हे, असे त्यांनी १९६४ सालीच मांडले होते. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत मातापित्यांना दोषमुक्त केले.

तोवर लंडनमधील पालक स्वस्थ बसले नव्हते. १९६२ साली त्यांनी आपली संस्था स्थापन केली. तीच आजची 'नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी'. लॉर्ना विंग ह्या संस्थापकांपैकी एक. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि स्वमग्न मुलीची आईही. १९६५ साली ह्या संस्थेने ईलिंग येथे शाळा उघडली. परंतु शाळा दुपारी सुटते. त्यानंतरचे तास कोणाचे?

ह्या प्रश्नाला वाट मिळाली ती निराळ्याच दिशेने. मेरी वेबस्टर ह्या एका प्रॉटेस्टंट पंथाच्या पाळक होत्या. १९५४ साली वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी त्यांनी आपले सेवाकार्य सोडले. घरात अडकलेल्या अशा अविवाहित लेकींची व्यथा त्यांनी १९६३ साली वृत्तपत्रांतून मांडली, तेव्हा ठिकठिकाणच्या स्त्रियांनी त्यांना पत्रे लिहिली. १९६५ साली त्यांची संघटना उभी राहिली. १९७६ साली शुश्रूषा करणाऱ्यांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला, परंतु विवाहित स्त्रियांना वगळून! त्या एरवीही घरीच असणार, असा सरकारचा युक्तिवाद होता. जॅकी ड्रेक ह्या विवाहितेने त्याविरुद्ध दाद मागितली. १९८६ साली युरोपीय न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला आणि ती अट गेली.

पुढे १९९५ च्या ब्रिटिश कायद्याने सांभाळ करणाऱ्यांची स्वतंत्र पाहणी मान्य केली. मात्र ती मागावी लागे, आणि पाहणीनंतर मदत मिळेलच असे नव्हते. २००४ च्या कायद्याने त्यांची नोकरी, शिक्षण व विरंगुळा ह्यांचाही विचार सक्तीचा केला. इंग्लंडच्या २०१४ च्या कायद्यानुसार मागणी करण्याचीही गरज उरली नाही. गरज दिसली की पाहणी करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झाले. त्यात दोन प्रश्न विचारावयाचे असतात: हा सांभाळ तुम्हांला झेपतो का, आणि तो करण्याची तुमची इच्छा आहे का?

दुसरा प्रश्न आमच्या समाजात एखाद्या आईला विचारला, तर ती दुखावेल. आईच्या मायेवर शंका घेतली, असेच शेजारी म्हणतील. तथापि आम्हांस तो प्रश्न उद्धट वाटत नाही. 'मला आता होत नाही' हे वाक्य उच्चारण्याची मुभा त्यात आहे. ही मुभा न मिळालेल्या माता आम्ही पाहिल्या आहेत. त्या तक्रार करीत नाहीत, केवळ हळूहळू मिस्सेला येणे सोडतात.

भारतातही १९९५ सालीच अपंगांसाठी कायदा झाला, पण त्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. दिल्लीत मेरी बरुआ ह्या मातेने १९९१ पासून 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था चालविली होती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्थान मिळाले. २०१६ च्या कायद्यात सांभाळ करणाऱ्याची व्याख्या आहे, अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी मूल्यमापन मंडळ आहे, त्यांच्या सांभाळासाठी भत्त्याचा उल्लेखही आहे. परंतु आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणी पाहावी. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीस १ ते ५ गुण. मुलाची नजर, बोलणे, भावना, हट्ट, स्पर्श, सारे मोजले जाते. घरातील माणसांविषयी एकही बाब नाही.

'आमच्या पश्चात ह्याचे काय?' हा प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात. मूल १८ वर्षांचे झाले, की १९९९ च्या कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. आईवडील अथवा नातेवाईक, कोणीही तो करू शकतात.