अस्थिदीर्घीकरण शस्त्रक्रिया, वेदनानियंत्रण आणि वेदनाशामकांचे अवलंबित्व : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : अस्थिदीर्घीकरण, इलिझारोव्ह पद्धती, वेदनाशामके, अफू, अवलंबित्व, सातारा, सांगली, मिरज.

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रियेला जेवढे स्थान मिळाले तेवढे वेदनेला मिळालेले नाही. नवे उपकरण केव्हा आले, पहिली शस्त्रक्रिया कोणी केली, रुग्णालय कोणत्या वर्षी उभे राहिले याच्या नोंदी सापडतात. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णाने रात्र कशी काढली याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आखूड राहिलेल्या हाडाची लांबी वाढविणारी शस्त्रक्रिया, म्हणजेच अस्थिदीर्घीकरण, या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तिच्यातील वेदना काही दिवसांची नसून काही महिन्यांची असते आणि त्यातील बहुतेक काळ रुग्ण स्वतःच्या घरी असतो.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत आधुनिक शल्यचिकित्सेची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. हाडांवरील अत्याधुनिक उपचारही या परिसरात लवकर पोहोचले. मात्र वेदनाशमनाची व्यवस्था त्या गतीने विकसित झाली नाही. या दोन गतींमधील अंतर आणि त्याचे परिणाम हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सातारा-सांगली परिसरातील अस्थिशल्यचिकित्सेच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२. अफू व अफूजन्य वेदनाशामकांविषयीच्या शासकीय धोरणातील बदल स्पष्ट करणे.
३. दीर्घकालीन वेदना आणि वेदनाशामकांचे अवलंबित्व यांतील संबंध ऐतिहासिक संदर्भात तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संस्थांचा इतिहास, औषधविषयक कायदे आणि अस्थिशल्यशास्त्रातील प्रस्थापित माहिती यांचा आधार घेतला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

आजचे हे दोन जिल्हे प्रशासकीयदृष्ट्या एकाच कुळातील आहेत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नामकरण सांगली असे करण्यात आले. त्यापूर्वी मात्र येथे दोन राजवटी शेजारी शेजारी नांदत होत्या. साताऱ्याचे राज्य डलहौसीच्या काळात खालसा होऊन इंग्रजी अमलाखाली गेले. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकून होती.

आधुनिक शल्यचिकित्सेचे केंद्र या परिसरात प्रथम मिरजेत उभे राहिले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वान्लेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले आणि पुढे तेथे वैद्यकीय शिक्षणाचीही सोय झाली. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने सातारा, कोल्हापूर व कर्नाटक या भागांतील रुग्ण तेथे येऊ लागले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. लहानशा शहरात एवढ्या मोठ्या प्रमाणावर वैद्यकीय सेवा एकवटल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडी आहेत.

याच काळात गावोगावी हाडवैद्यांची परंपराही चालू होती. बांबूच्या कामट्या, लेप व पट्ट्या यांच्या साहाय्याने ते मोडलेले हाड बसवीत. तालमीतील वस्ताद निखळलेला सांधा जागेवर आणीत. साध्या मोडीत या उपचारांचा उपयोग होत असे. गुंतागुंतीच्या अस्थिभंगात मात्र हाड वाकडे जुळणे किंवा पाय आखूड राहणे हा परिणाम अनेकदा कायमचा ठरे. त्यात पोलिओमुळे एक पाय खुरटलेल्या मुलांची भर पडे. भारतातील शेवटचा पोलिओ रुग्ण २०११ मध्ये आढळला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तथापि, आधीच्या पिढ्यांतील आखूड पायांचे ओझे समाजात राहिलेच.

अफू : औषध आणि महसूल

अफूचा वेदनाशामक म्हणून वापर या भूमीला नवा नव्हता. पोटदुखी, हगवण, सांधेदुखी यांवर घरगुती औषध म्हणून ती दिली जाई. तान्ह्या मुलांना शांत झोपविण्यासाठी अफूयुक्त बाळागोळी देण्याची प्रथा मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकातही आढळत होती. मुंबई इलाख्याच्या तिजोरीत माळव्याच्या अफूवरील कराचा मोठा वाटा होता. १८७८ च्या अफू कायद्याने तिची विक्री परवानाधारक दुकानांपुरती मर्यादित केली. १८९३ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १८९५ च्या अहवालात वैद्यकीय गरजेखेरीज अफूवर संपूर्ण बंदी घालण्याच्या मागणीला पाठिंबा दिला नाही.

म्हणजेच वान्लेस यांचे रुग्णालय सुरू झाले त्या वर्षी अफूचा प्रश्न सरकारी चौकशीखाली होता. ईथर १८४६ मध्ये व क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये वापरात आल्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना तोवर आटोक्यात आली होती. पुढील काही दिवसांसाठी मॉर्फिन उपलब्ध होते. त्यानंतरची वेदना रुग्णाने सोसावयाची, हे सर्वांनीच गृहीत धरले होते. १९३० च्या घातक औषध कायद्याने मॉर्फिनसारख्या द्रव्यांवरील नियंत्रण वाढविले. परंतु या गृहीतकाला धक्का बसला नाही. तेव्हाच्या शस्त्रक्रियांना ते बऱ्याच अंशी पुरेसेही होते. त्याला आव्हान दिले ते अस्थिदीर्घीकरणाने.

कुर्गान ते मिरज

हाड लांबविण्याचे प्रयत्न जुने आहेत. इटलीतील अलेस्सांद्रो कोदिविला यांनी १९०५ मध्ये मांडीच्या हाडाची लांबी वाढविण्याविषयीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. एका झटक्यात ताण देण्याच्या पद्धतीत गुंतागुंत फार होती. सायबेरियातील कुर्गान येथे गावरील इलिझारोव्ह (१९२१-१९९२) यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभापासून वेगळी पद्धत विकसित केली. हाड कापून त्याची दोन टोके अत्यंत सावकाश दूर नेली तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व होय. त्यासाठी पायाभोवती धातूच्या रिंगा बसवून त्या ताणलेल्या बारीक तारांनी हाडाला जोडल्या जातात.

ही पद्धत अनेक वर्षे सोव्हिएत संघापुरती मर्यादित होती. १९८० मध्ये इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांच्यावर कुर्गान येथे यशस्वी उपचार झाले. १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांनी इटलीत व्याख्याने दिली आणि तेथून ही पद्धत जगभर पसरली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती भारतात रुजू लागली. मिरजेतील स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानचे डॉ. जी. एस. कुलकर्णी हे तिच्या भारतातील प्रारंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होत. अस्थिशल्यचिकित्सा व अपघातोपचार या विषयावरील त्यांनी संपादित केलेला बृहद् इंग्रजी ग्रंथ देशभर अभ्यासला जातो. महानगराबाहेरील एका गावातून हे कार्य झाले, ही बाब या परिसराच्या वैद्यकीय परंपरेशी सुसंगतच म्हणावी लागेल.

वेदनेचे स्वरूप

या पद्धतीत शस्त्रक्रियेनंतर साधारणतः पाच ते सात दिवस थांबून ताण देण्यास प्रारंभ होतो. दररोज एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत, असा सर्वसाधारण वेग असतो. पाय पाच सेंटिमीटर वाढवायचा असेल तर सुमारे पन्नास दिवस ताण द्यावा लागतो, म्हणजे नट दोनशे वेळा फिरवावा लागतो. त्यानंतर नवे हाड पक्के होईपर्यंत रिंग तशीच ठेवावी लागते. हा सर्व काळ पाच ते सात महिन्यांपर्यंत जाऊ शकतो.

या काळातील वेदना एकाच प्रकारची नसते. पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रियेच्या जखमेची वेदना असते. हाड वाढते तसे स्नायू ताणले जातात, मज्जातंतूंवर ताण येऊन जळजळ किंवा मुंग्या जाणवतात. तारांच्या छिद्रांजवळ संसर्ग झाल्यास ठणका लागतो. झोप मोडते. सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम अपरिहार्य असतो आणि तोही वेदनादायक असतो. वेदना आटोक्यात नसेल तर रुग्ण व्यायाम टाळतो, गुडघा व घोटा आखडतो आणि पायाची लांबी मिळूनही चाल सुधारत नाही. म्हणून या शस्त्रक्रियेत वेदनाशमनाला केवळ सोय म्हणून पाहता येत नाही. उपचाराचे यश त्यावरच अवलंबून असते.

औषधाची निवडही सोपी नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी दाहशामक औषधे दीर्घकाळ दिल्यास नवे हाड तयार होण्यात अडथळा येऊ शकतो, अशी शंका प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आली आहे. त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक या काळात ती टाळतात. केवळ पॅरासिटामॉल पुरत नाही. साहजिकच अफूजन्य किंवा अफूसदृश औषधांकडे वळावे लागते.

१९८५ चा कायदा आणि पर्यायी औषधे

येथे इतिहासातील एक विलक्षण योगायोग लक्षात घ्यावा लागतो. ज्या दशकात ही पद्धत भारतात आली त्याच दशकात, १९८५ मध्ये, अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू झाला. त्यामागील चिंता अनाठायी नव्हती. ब्राऊन शुगरच्या, म्हणजेच गर्दच्या व्यसनाने त्या वर्षांत महाराष्ट्रातील शहरे ग्रासली होती. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते याच पार्श्वभूमीवर. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले परिवर्तन हे केंद्रही या चळवळीतील महत्त्वाचा टप्पा होय.

तथापि, कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मॉर्फिन बाळगण्यासाठी रुग्णालयांना अनेक परवाने घ्यावे लागत आणि चुकीला कठोर शिक्षा होती. परिणामी १९९७ पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. औषधनिर्मितीसाठी अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक असलेल्या भारतात मॉर्फिन दुर्मीळ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची चढती श्रेणी १९८६ मध्ये मांडली. भारतात मात्र नेमक्या त्याच सुमारास तिची वरची पायरी निखळत होती.

मोकळी झालेली जागा पेंटाझोसिन, डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन आणि पुढे ट्रॅमाडॉल या औषधांनी भरून काढली. कागदोपत्री ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावयाची होती. व्यवहारात त्यांच्यावर मॉर्फिनइतकी देखरेख नव्हती. ‘सौम्य’ या विशेषणामुळे त्यांच्याविषयी डॉक्टर, औषधविक्रेते व रुग्ण या तिघांनाही निर्धास्त वाटत राहिले.

अवलंबित्वाची प्रक्रिया

येथे दोन संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. अफूसदृश औषध काही आठवडे नियमित घेतल्यास शरीराला त्याची सवय होते; ते एकाएकी थांबविल्यास अस्वस्थता, घाम, निद्रानाश, जुलाब, अंगदुखी ही लक्षणे उद्भवतात. हे शारीरिक अवलंबित्व होय. ते कोणालाही होऊ शकते आणि त्यात रुग्णाचा नैतिक दोष नसतो. वेदना नसतानाही औषधाची अनावर ओढ लागणे व हानी दिसूनही ते न सुटणे, हे व्यसन. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाणारी वाट प्रत्येक रुग्ण चालत नाही. परंतु ती खुली असते.

अस्थिदीर्घीकरणाच्या रुग्णाबाबत ही वाट अधिक फसवी आहे. जत, आटपाडी, माण किंवा खटाव तालुक्यातील रुग्ण रिंगेसह घरी परततो तेव्हा नट फिरविण्याचे वेळापत्रक त्याच्या हाती असते. वेदनाशामक केव्हा व कसे कमी करावयाचे याचे वेळापत्रक मात्र सहसा नसते. शल्यचिकित्सकाची भेट काही आठवड्यांनी होते. मधल्या काळात जुनीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दुकानात जाते. काही दिवसांनी त्याच गोळीने भागेनासे होते. गोळी चुकली की पाय ठणकतो. ती वेदना हाडाची की औषध तुटल्याची, हे रुग्णाला ओळखता येत नाही. घरातील माणसे एकतर ‘सहन कर’ म्हणतात किंवा मुकाट्याने गोळी आणून देतात. ट्रॅमाडॉलची मात्रा फार वाढल्यास झटके येण्याचाही धोका असतो.

ज्याची वेदना दुर्लक्षिली जाते आणि ज्याला औषधाची सवय लागते ते दोन वेगवेगळे रुग्ण असतात, असा समज आहे. प्रत्यक्षात तो बहुधा एकच माणूस असतो. अपुऱ्या उपचारामुळे तो स्वतःच मात्रा ठरवू लागतो आणि तेथूनच अवलंबित्वाला सुरुवात होते.

धोरणातील बदल

२०१० च्या दशकात धोरणाची दिशा बदलली. २०१३ मध्ये औषधविषयक नियमांत एच-१ ही नवी अनुसूची समाविष्ट झाली व तिच्यातील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले. २०१४ मधील दुरुस्तीने मॉर्फिनसह काही ‘अत्यावश्यक’ अमली औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची सुलभ व्यवस्था निर्माण केली. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत आणले गेले. एका बाजूने बंद दार किलकिले झाले, तर दुसऱ्या बाजूने उघडे दार लोटले गेले. परंतु कायदा औषधाच्या साठ्यावर लक्ष ठेवतो. रुग्णाच्या रात्रीवर लक्ष ठेवणे त्याच्या आवाक्यात नसते. ट्रॅमाडॉल मिळेनासे झाले आणि सवय सोडविण्याची सोय झाली नाही, तर रुग्ण अधिक घातक पर्यायाकडे वळू शकतो.

निष्कर्ष

१. सातारा-सांगली परिसरात शल्यतंत्र लवकर आले. शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ वेदनेची जबाबदारी मात्र कोणत्याही एका घटकाकडे सोपविली गेली नाही.
२. इलिझारोव्ह पद्धतीचे आगमन व १९८५ चा कायदा यांची समकालीनता हे ‘सौम्य’ वेदनाशामकांवरील भिस्त वाढण्याचे एक महत्त्वाचे कारण होय.
३. नट फिरविण्याच्या वेळापत्रकाबरोबरच औषध टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे लेखी वेळापत्रक रुग्णाला देणे, वेदना असह्य झाल्यास ताणाचा वेग कमी करण्याचा विचार करणे, मज्जातंतूंच्या वेदनेवर वेगळी औषधे योजणे आणि शस्त्रक्रियेपूर्वीच व्यसनाचा पूर्वेतिहास विचारणे, हे उपाय तालुका पातळीवरही शक्य आहेत.
४. अस्थिशल्यचिकित्सक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि व्यसनमुक्ती केंद्रे या तिन्ही परंपरा या परिसरात रुजलेल्या आहेत. त्यांच्यात परस्परसंपर्क निर्माण होणे ही खरी गरज आहे.

पाय किती सेंटिमीटर वाढला याची नोंद क्ष-किरण चित्रात राहते. रिंग काढल्यानंतर रुग्ण गोळीविना झोपू शकला का, याचीही नोंद ठेवली जाईल तेव्हाच हा उपचार पूर्ण झाला असे म्हणता येईल.