थंडरबर्डमधील टूलबारची मांडणी टिकत नसेल तर

थंडरबर्ड हा मोझिला परिवारातील विनामूल्य ईमेल प्रोग्रॅम आहे. त्याच्या टूलबारवरची बटणे आपल्या सोयीने लावता येतात. पण काही वेळा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की केलेली मांडणी नाहीशी होते. अशा वेळी ‘प्रोफाइल पुसून नव्याने सुरू करा’ हा सल्ला चटकन मिळतो. तो मानू नये. पॉप पद्धतीच्या खात्यातील पत्रे बहुधा त्याच संगणकावर असतात. प्रोफाइल पुसल्यास मंडळाची जुनी निमंत्रणे, वर्गणीचा पत्रव्यवहार, घरच्यांची पत्रे, सारे जाऊ शकते. दोष मात्र बहुतेक वेळा एका लहानशा फाइलपुरता असतो.

मांडणी कुठे साठते?
प्रोफाइल फोल्डरमध्ये ‘एक्सयूएलस्टोअर.जेसन’ नावाची फाइल असते. टूलबारची बटणे, खिडकीचा आकार यांची नोंद तिच्यात होते. पत्रे ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ या वेगळ्या फोल्डरांत असतात. त्यामुळे ही फाइल बाजूला केली तरी पत्रांना धक्का लागत नाही.

आधी हे पाहावे
१. टूलबारच्या मोकळ्या जागी उजवी क्लिक करून ‘कस्टमाइझ’ उघडावे आणि बदल झाल्यावर ‘सेव्ह’ दाबावे. ते न दाबता बाहेर पडल्यास बदल राहत नाहीत.
२. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ११५ व्या आवृत्तीपासून वरचा टूलबार नव्या पद्धतीचा आहे. मेल, कॅलेंडर, ॲड्रेस बुक यांची बटणे वेगवेगळी ठरवावी लागतात. मेलमध्ये केलेला बदल कॅलेंडरमध्ये दिसला नाही, तर तो बिघाड नव्हे.
३. पत्रांच्या यादीतील रकाने प्रत्येक फोल्डरसाठी स्वतंत्र असतात. ते टूलबारचा भाग नाहीत.
४. प्रोग्रॅम नेहमी नीट बंद करावा. थेट वीज बंद केल्यास शेवटचे बदल लिहिले जातीलच असे नाही.

तरीही टिकत नसेल तर
१. ‘हेल्प’ मेनूतून ‘ट्रबलशूट मोड’ सुरू करावा. समोर येणाऱ्या पर्यायांपुढे खूण न करता पुढे जावे. इथे मांडणी टिकली, तर दोष एखाद्या ॲड-ऑनचा असण्याची शक्यता मोठी. नेहमीच्या पद्धतीने परत येऊन ॲड-ऑन एकेक करून बंद करून पाहावेत.
२. ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडावे. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’पुढच्या बटणाने फोल्डर उघडतो. तो उघडा ठेवून थंडरबर्ड पूर्ण बंद करावा.
३. आता संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. ही पायरी गाळू नये.
४. ‘एक्सयूएलस्टोअर.जेसन’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. ‘रीड-ओन्ली’पुढे खूण असल्यास ती काढावी, मग थंडरबर्ड उघडून मांडणी टिकते का ते पाहावे.
५. नसल्यास प्रोग्रॅम पुन्हा बंद करावा आणि फाइल न पुसता तिच्या नावाच्या शेवटी ‘जुनी’ असे जोडावे. थंडरबर्ड उघडताच नवी फाइल तयार होते. खिडकीचा आकार आणि बटणे मूळ स्वरूपात येतील, ती पुन्हा लावावीत. एकदा बंद करून उघडावे आणि खात्री करावी.

दोष फाइलबाहेरचा असेल तर
डिस्क भरलेली असणे, फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसणे, अँटिव्हायरसची आडकाठी किंवा प्रोफाइल फोल्डर क्लाउडशी जोडलेला असणे ही कारणे तपासावीत. फोल्डरमध्ये ‘प्रेफ्स-१’, ‘प्रेफ्स-२’ अशा फाइली साचल्या असतील, तर इतर सेटिंग्जही लिहिली जात नाहीत असे समजावे.

घरातील वडीलधाऱ्यांना बटणे रोज त्याच जागी दिसणे महत्त्वाचे असते. त्यांच्यासाठी मांडणी करून देताना शेवटची तपासणी त्यांच्यासमोरच करावी.