संस्कारित धान्यें आणि कोठीचे कागद

‘प्रक्रियायुक्त अन्न’ म्हटलें कीं डबाबंद जिनसा डोळ्यांपुढें येतात, आणि १८१० सालीं फ्रान्सांत निकोला अपेर यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलेल्या युक्तीपासून या प्रकाराचा इतिहास धरला जातो. आम्हांस हें ग्राह्य वाटत नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराविषयीं पाहावयाच्या आठ गोष्टींत ‘करण’ ही एक आहे. करण म्हणजे संस्कार, व संस्कार म्हणजे द्रव्याच्या ठिकाणीं निराळा गुण उत्पन्न करणें. याहून नेमकी व्याख्या अद्यापि आमच्या पाहण्यांत नाहीं.

धाना व सक्तु हे शब्द ऋग्वेदांत आहेत. पृथुक व चिपिटक हे पर्याय अमरकोशांत. पृथुक म्हणजे आपले पोहे. भात भिजवून, भाजून कांडला कीं दाणा एकदां शिजून निघतो. म्हणून पुढें चुलीवांचून नुसत्या पाण्यानें मऊ होतो. वाटसरूस व शिपायास याहून सोईचें काय असणार?

उकड्या तांदुळाची गोष्ट याहून महत्त्वाची. कोंकणांत व गोमंतकांत भात सालासकट उकडून, वाळवून मग सडण्याची चाल आहे. गिरणीच्या पांढऱ्या तांदुळावर राहणाऱ्यांस बेरीबेरी जडे. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत डॉ. विल्यम फ्लेचर यांनीं १९०५-०६ सालीं रोग्यांचे दोन गट करून एकास उकडा व दुसऱ्यास बिनउकडा तांदूळ दिला. बिनउकडा खाणाऱ्यांत रोग पसरला, कित्येक दगावले. उकडा खाणाऱ्यांत तो नव्यानें कोणास झाला नाहीं. उकडतांना कोंड्यांतील ‘ब-१’ जीवनसत्त्व दाण्यांत उतरतें, हें कारण मागाहून कळलें. आमच्या गृहिणींना कारण ठाऊक नव्हतें. फळ मात्र पिढ्यान् पिढ्या मिळत होतें.

राज्यकर्त्यांसही याचें मोल कळत होतें. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत कोष्ठागाराध्यक्षानें निम्मा सांठा प्रजेच्या आपत्काळासाठीं राखावा व जुन्याच्या जागीं नवा भरावा असें सांगून, कोणतें धान्य शिजविल्यावर किती वाढतें याचेंही मान दिलें आहे.

मराठी राज्यांत कोठी व मुदपाकखाना हीं स्वतंत्र खातीं होतीं. परंतु संग्राहक राजकारणाचीं पत्रें जपतात आणि कोठीचे बंद क्षुल्लक म्हणून बाजूस सारतात. रघुनाथकृत ‘भोजनकुतूहला’सारखा सतराव्या शतकांतील ग्रंथ पाककृति सांगेल, गडावर काय भरलें आणि काय टिकलें हें सांगणार ते कोठीचे कागदच. ज्यांच्या रुमालांत असे बंद असतील त्यांनीं नक्कल करतांना धान्याच्या नांवापुढील ‘भाजका’, ‘उकडा’ हीं विशेषणें वगळूं नयेत, एवढीच विनंती.