माउसच्या बाणाने उलगडणाऱ्या गोष्टी

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत संगणक कार्यालयांतून घरांत शिरू लागला तो काळ मुख्यतः २००० नंतरच्या दशकाचा होय, आणि त्याच दशकात इंटरनेटवर एका विशिष्ट प्रकारचे खेळ विनामूल्य मिळू लागले. त्यांना ‘पॉइंट अँड क्लिक अ‍ॅडव्हेंचर गेम’ असे म्हणतात. अशा खेळात पडद्यावर एखाद्या खोलीचे, तळघराचे किंवा अनोळखी प्रदेशाचे बहुधा स्थिर चित्र असते. खेळणारा माउसचा बाण हव्या त्या जागी नेऊन क्लिक करतो, कप्पे उघडतो, सापडलेल्या वस्तू जवळ ठेवतो, त्या योग्य ठिकाणी वापरून कुलपे आणि कोडी सोडवतो आणि त्याबरोबर गोष्ट पुढे सरकते. नेमबाजीला किंवा बोटांच्या चपळाईला येथे फारसे स्थान नाही. हाच खेळ पुढे तास-दीड तासात संपणाऱ्या लहान भागांत निघू लागला, आणि महागडे यंत्र, तुटपुंजी इंटरनेट जोडणी व बेभरवशाची वीज यांच्याशी जुळवून घेणाऱ्या घराला तो विशेष मानवणारा होता.

या प्रकाराचा उगम अमेरिकेतला आहे. गुहांचे संशोधन करणाऱ्या विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाने १९७६ च्या सुमारास रचलेल्या आणि डॉन वूड्स यांनी वाढवलेल्या ‘कोलोसल केव्ह’ या खेळात चित्र मुळीच नव्हते. गुहेचे वर्णन वाचायचे आणि पुढची कृती इंग्रजी शब्दांत टंकायची अशी त्याची पद्धत होती. रॉबर्टा विल्यम्स यांच्या १९८० मधील ‘मिस्टरी हाउस’ने त्यात रेखाचित्रे आणली, तरी आज्ञा टंकाव्याच लागत. १९८७ मध्ये लुकासफिल्मच्या ‘मेनियाक मॅन्शन’मध्ये क्रियापदे पडद्यावरच मांडलेली होती, त्यांतील हवे ते निवडले की काम भागत असे. या बदलाकडे निव्वळ सोय म्हणून पाहता येते. मराठी माध्यमातून शिकलेल्या खेळाडूच्या दृष्टीने पाहिले तर मात्र तो सोयीपेक्षा बराच मोठा ठरतो, कारण परक्या भाषेतील नेमका शब्द आठवून तो बिनचूक टंकण्याची अट त्यामुळे गळून पडली.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत संगणक आधी शिक्षणसंस्थांत आणि सहकारी संस्थांत आला. सांगलीचे १९४७ मध्ये सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराडचे १९६० मधील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे यंत्र हाताळू शकणारा तरुण वर्ग येथे होताच. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संकुलात ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला आणि कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचे ठरले. शेतीविषयक माहितीचे मोठे बेत आखले गेले असले, तरी प्रत्यक्षात या केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने कारखान्याला घातलेल्या उसाच्या हिशेबासाठी झाला. सामान्य कुटुंबाला संगणकाची ओळख झाली ती अधिक साध्या वाटेने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासनातील अनेक पदांसाठी आवश्यक ठरला आणि तालुक्याच्या गावीही संगणकाचे क्लास निघाले.

घरी आलेला संगणक बहुधा ‘असेंबल्ड’ असे, म्हणजे स्थानिक विक्रेत्याने सुटे भाग जोडून तयार केलेला. तो मुलांच्या अभ्यासासाठी घेतला जाई, बाहेरच्या खोलीत ठेवला जाई आणि काम झाले की त्यावर धूळ बसू नये म्हणून कापडी आच्छादन चढे. त्यावरचे पहिले खेळ म्हणजे विंडोजबरोबर येणारे ‘सॉलिटेअर’ आणि ‘माइनस्वीपर’, आणि शाळा-क्लासांतून फ्लॉपीवर फिरत आलेले ‘डेंजरस डेव्ह’ व ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. पुढे ‘रोड रॅश’सारखे शर्यतीचे खेळ सीडीवरून आले. यांतल्या धावपळीच्या खेळांना कळफलकाची बडवाबडवी आणि आवाज यांची जोड असल्याने ते अभ्यास नव्हेत हे स्वयंपाकघरातूनही ओळखू येई. चित्राकडे टक लावून बसलेले, मध्येच वहीत आकडे टिपून घेणारे मूल मात्र अभ्यास करत आहे असा समज सहज होऊ शकत होता, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नव्हता.

इंटरनेट प्रथम दूरध्वनीच्या तारेवरून, मिनिटांच्या हिशेबाने मिळत असे. २००५ च्या आरंभी भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली, परंतु तिच्या स्वस्त योजनांत महिन्याला किती माहिती उतरवता येईल यावर मर्यादा होती. काही योजनांत पहाटे दोन ते सकाळी आठ या वेळातील वापर मोजला जात नसे, म्हणून मोठ्या फाइली त्या वेळात उतरवण्याची पद्धत पडली. विजेची स्थिती याहून बिकट होती. पाटण तालुक्यातील कोयना धरणावरील वीज प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि त्याचे पहिले टप्पे १९६० च्या दशकातच कार्यान्वित झाले होते. तरीही २००५ नंतरच्या वर्षांत राज्यभर झालेल्या भारनियमनातून ज्या सातारा जिल्ह्यात हे धरण आहे तेथील गावेही सुटली नाहीत. यूपीएस हे उपकरण वीज गेल्यावर काम जतन करून संगणक बंद करण्यापुरती काही मिनिटे देई. पन्नास तासांचा खेळ अशा घरात जेमतेमच तग धरू शकला असता.

याच सुमारास ‘फ्लॅश’ या तंत्राने बनवलेले, थेट ब्राउझरमध्ये चालणारे खेळ आले. त्यांच्या फाइली बहुधा काही मेगाबाइटच्या असत आणि एकदा पडद्यावर उतरल्या की जोडणी तुटली तरी खेळ चालू राही. २००३ मध्ये प्राग येथील कलाविद्यार्थी याकुब द्वोर्स्की याने ‘सामोरोस्त’ रचला. त्यात संवाद नाहीत, वाचावे असे जवळपास काही नाही, केवळ शेवाळलेली लाकडे, विचित्र प्राणी आणि क्लिक करण्याच्या जागा आहेत. २००४ मधील तोशिमित्सू ताकागी यांच्या ‘क्रिमझन रूम’ने बंद खोलीतून सुटण्याच्या खेळांची जगभर लाट आणली. या परंपरेतील एक दीर्घ मालिका पोलंडच्या माटेउश स्कुटनिक यांची ‘सबमशीन’ होय. तिचा पहिला भाग २००५ मध्ये आणि दहावा २०१५ मध्ये निघाला. प्रत्येक भागात एक जागा, काही कोडी, थोड्या त्रोटक इंग्रजी चिठ्ठ्या आणि शेवटी आणखी खोल जाणारी वाट. एकटा माणूस फावल्या वेळात जेवढे चितारू शकतो तेवढाच भाग प्रसिद्ध करावा, ही निर्मात्यांची सोय होती, सातारा-सांगलीचा विचार करून कोणी ती आखली नव्हती. तरीही वीज येऊन पुन्हा जाईपर्यंतच्या वेळात आणि मोजून मिळणाऱ्या इंटरनेटमध्ये हे माप नेमके बसले.

क्रमशः छापल्या जाणाऱ्या गोष्टीची वाट पाहण्याची सवय या मुलखाला नवी नव्हती. औंध संस्थानाच्या मुलखात, आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकेही तेथीलच, आणि किर्लोस्करांच्या कारखान्याच्या वसाहतीतून निघालेली ही मासिके महाराष्ट्रभर वाचली जात. मासिकातील गोष्टीच्या पुढील भागाला मात्र ठरलेली तारीख असे. स्कुटनिक यांच्या भागाला ती नसे.

अमेरिकेत या क्रमशः पद्धतीचा व्यापारही झाला. २००४ मध्ये स्थापन झालेल्या टेलटेल गेम्स या संस्थेने ‘सॅम अँड मॅक्स’ची मालिका २००६ पासून दूरचित्रवाणी मालिकेसारखी भागाभागाने विकली, परंतु डॉलरमध्ये आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरण्याची ती वाट येथील मध्यमवर्गीय घराला त्या काळी सहजासहजी खुली नव्हती, त्यामुळे फ्लॅशवरचे मोफत खेळच जवळचे वाटले तर नवल नाही.

संगणकाचे हे स्थानही फार काळ टिकले नाही. वारणानगरच्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात २००६ च्या सुमारासच संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांनी उसाची माहिती देण्याचा प्रयोग झाला होता. घरांतही पुढील दशकात मोबाइलने संगणकाची जागा घेतली. आयफोनवर फ्लॅश कधी चाललेच नाही, अँड्रॉइडवरील त्याचा आधार काही वर्षांत थांबला आणि अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला पूर्णविराम दिला. त्याआधीच, २०१८ मध्ये, ‘फ्लॅशपॉइंट’ या स्वयंसेवी प्रकल्पाने असे हजारो खेळ उतरवून जतन करण्यास सुरुवात केली होती. स्कुटनिक यांनी २०२३ मध्ये ‘सबमशीन’चे सर्व भाग नव्याने बांधून एकाच विकतच्या खेळात आणले, आणि दहा वर्षांत पसरलेली ती मालिका आता सलग बसून संपवता येते.