स्वतःचे भाषांतर करणारा भाषांतरकार

संगणकाच्या 'कंपायलर'ला मराठीत कोणी कोणी 'संकलक' म्हणतात. ग्रेस हॉपर यांच्या १९५२ च्या ए-० या प्रणालीत आधी लिहून ठेवलेले तुकडे गोळा करून जोडणे हेच मुख्य काम असल्याने तेवढ्यापुरता हा शब्द नेमका आहे. पुढे मात्र ते काम भाषांतराचेच झाले: माणसाने वाचण्याजोग्या भाषेतील मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणे. हा भाषांतरकार स्वतः वाचनीय असावा की नाही, हा प्रश्न निक्लाउस विर्थ (१९३४–२०२४) यांनी आयुष्यभर लावून धरला.

बर्कली येथे १९६३ मध्ये डॉक्टरेट, नंतर स्टॅनफर्डमध्ये अध्यापन आणि १९६८ पासून १९९९ पर्यंत झ्युरिकच्या ईटीएचमध्ये प्राध्यापकी, असा हा प्रवास. दरम्यान अल्गोल ६० या भाषेची वारस ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने विर्थ आणि टोनी होअर यांचा आटोपशीर प्रस्ताव बाजूला सारला व व्हान वाइनगार्डेन यांचा विस्तीर्ण आराखडा उचलला. विर्थ यांनी वाद वाढवला नाही. पास्कल ही भाषा रचली.

तिचा पहिला कंपायलर १९६९ मध्ये फोरट्रान भाषेत लिहायला घेतला, आणि तो प्रयत्न फसला. कंपायलरची गुंतागुंतीची रचना फोरट्रानमध्ये धड मांडताच येईना. मग तो पास्कलमध्येच लिहिला. पण भाषांतरकाराचे भाषांतर कोणी करायचे? एका विद्यार्थ्याने घरी बसून तो सगळा मजकूर हाताने खालच्या पातळीवरील भाषेत उतरवला. १९७० च्या मध्यापर्यंत कंपायलर चालू लागला. त्यापुढे तो स्वतःचे भाषांतर स्वतःच करू शकत होता.

त्यांचे विद्यार्थी मिखाएल फ्रान्झ यांनी नोंदवलेली विर्थ यांची कसोटी यातूनच येते. कंपायलरमध्ये एखादी सुधारणा घालावी, परंतु तिच्यामुळे त्याला स्वतःच्या भाषांतरास अधिक वेळ लागत असेल तर ती काढून टाकावी. साहित्यसमीक्षेला अशी निर्दय कसोटी लाभलेली नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे! या संयमाची किंमतही होती. ब्रायन कर्निहान यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, पास्कलमध्ये यादीची लांबी तिच्या प्रकारातच बांधलेली असल्याने दहा घटकांसाठी लिहिलेली कृती वीस घटकांना लावता येत नाही. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

तरीही विर्थ यांचा आग्रह निव्वळ काटकसरीचा नव्हता. विद्यार्थ्याने संपूर्ण प्रणाली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, हा त्यांचा हट्ट होता. १९९२ मध्ये युर्ग गुटक्नेश्ट यांच्यासह त्यांनी 'ओबेरॉन' ही प्रणाली कंपायलरसकट ग्रंथरूपाने छापली. २०१३ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ती स्वतः आखलेल्या प्रोसेसरसाठी पुन्हा लिहिली.