जर-तरचा इतिहास आणि एक खाणकामगारांचं गाव

"विश्वासरावांना गोळी लागली नसती तर..." हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारलं गेलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. श्रावणातल्या जेवणावळी असोत की लग्नघरातली रात्रीची गप्पांची मैफल, कुणीतरी काका पानिपत काढतातच. मग भाऊसाहेबांनी काय करायला हवं होतं, होळकरांचं ऐकलं असतं तर, बाजारबुणगे आणि यात्रेकरू बरोबर नेले नसते तर... चहा गार होतो पण पानिपत संपत नाही.

म्हणूनच जर-तरच्या इतिहासावर अख्खी कादंबरीमाला लिहिली जाते आणि हजारो लोक ती वर्षानुवर्षं वाचतात, भांडतात, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. मी म्हणतोय ती एरिक फ्लिंट या अमेरिकन लेखकाची '१६३२' ही माला. पहिलं पुस्तक २००० साली आलं. त्यानंतर इतकी पुस्तकं आली की कुठलं आधी वाचायचं आणि कुठलं नंतर, हाच एक वादाचा विषय होऊन बसला.

गोष्ट थोडक्यात अशी. वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रँटव्हिल नावाचं कोळसा खाणींचं गाव, वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. २००० सालच्या एप्रिलमध्ये हे गाव आजूबाजूच्या जमिनीसकट उचललं जातं आणि १६३१ सालच्या जर्मनीत, थुरिंजियात जाऊन पडतं. का? तर कुठल्याशा परग्रहवासीयांच्या कलाकुसरीचा कचरा पृथ्वीवर पडला म्हणून! लेखक हे कारण दोन पानांत उरकतो आणि पुढे त्याच्याकडे वळूनही बघत नाही. त्याला रस आहे तो पुढच्या प्रश्नात. तीस वर्षांचं युद्ध पेटलंय, त्याच मे महिन्यात माग्डेबुर्ग शहर जाळून सुमारे वीस हजार माणसं मारली गेली आहेत, आणि अशा मुलखात खाणकामगार, शाळामास्तर, नर्स, दुकानदार अशी साधी माणसं येऊन पडली तर काय होईल?

या मालेबद्दल वाचकांची मतं वाचताना मला त्यांचे साधारण तीन गट दिसले.

पहिला गट "हे जमेल का?" विचारणाऱ्यांचा. ही मंडळी मला फार आवडतात. फ्लिंटने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. ग्रँटव्हिल हे मॅनिंग्टन या खऱ्या गावावर बेतलेलं, तेव्हा मॅनिंग्टनमध्ये जे नाही ते ग्रँटव्हिलमध्येही नाही. (वीजकेंद्र तेवढं शेजारून उचलून आणलं, पण ते त्याने सांगून टाकलं.) म्हणजे लेखकाला अडचण आली की कपाटातून हवं ते यंत्र काढायची सोय नाही. सुटे भाग संपणार, टायर झिजणार, बल्ब उडणार. मग करायचं काय? तर मागे यायचं. विसावं शतक टिकवता येणार नाही हे मान्य करून एकोणिसाव्या शतकावर उतरायचं: वाफेची इंजिनं, लोखंडी रूळ, तारायंत्र. पेनिसिलीन मोठ्या प्रमाणावर बनवणं अवघड, म्हणून क्लोरॅम्फेनिकॉलच्या मागे लागायचं. वाचकांमधले इंजिनियर, डॉक्टर, गवंडी, शेतकरी यावर तुटून पडले. फ्लिंटने त्यांना गप्प बसवण्याऐवजी कामाला लावलं. 'ग्रँटव्हिल गॅझेट' नावाने वाचकांनी लिहिलेल्या कथा आणि माहितीपर लेखांचे अंक निघू लागले. २०२२ च्या जुलैत फ्लिंट गेला, आणि त्याच वर्षी १०२ अंकांवर गॅझेट थांबलं. २०२३ मध्ये त्याच जगातल्या कथांचं नवं नियतकालिकही सुरू झालं. वाचकांनी लेखकाच्या घरात राहायला यावं आणि मालक गेल्यावरही दिवाबत्ती करत राहावं, असं भाग्य किती पुस्तकांना मिळतं?

दुसरा गट "माणसं अशी वागतील का?" विचारणाऱ्यांचा. त्यांच्या तक्रारीत बरंच तथ्य आहे. पहिल्या पुस्तकात अमेरिकन मंडळी फारच लवकर सावरतात. लढाया एकतर्फी होतात, प्रेमं पटापट जमतात, लग्नं त्याहून पटापट होतात. जॉन सिम्पसन हा श्रीमंत कारखानदार पहिल्या पुस्तकात निव्वळ खलनायकी पुतळा आहे. गावात आलेल्या निर्वासितांना मताचा हक्क नको म्हणणारा, आणि म्हणून हरणारा. वाचकांना हे खटकलं. पुढच्या '१६३३' या पुस्तकात (२००२, डेव्हिड वेबरबरोबर लिहिलेलं) हाच सिम्पसन आरमार उभारणारा, कर्तबगार, गुंतागुंतीचा माणूस होतो.

तिसरा गट "हे संपणार कधी?" विचारणाऱ्यांचा. त्यांच्याबद्दल जास्त काय लिहायचं! ते कुरकुरतात आणि पुढचं पुस्तक घेतातच.

या सगळ्यात मला एक आक्षेप सहसा दिसला नाही, आणि आपल्याकडच्या वाचकाला तो पहिल्यांदा सुचायला हवा. परक्या मुलखात, चांगली शस्त्रं घेऊन, मूठभर माणसं येतात आणि तिथल्या लोकांना 'सुधारतात', ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. आपण तिच्या दुसऱ्या बाजूला होतो. त्यामुळे पहिलं पुस्तक वाचताना माझ्या कपाळावर आठी होतीच. ती पूर्ण गेली असं नाही म्हणणार, पण बरीच सैल झाली. फ्लिंट स्वतः कामगार चळवळीतला, डाव्या विचारांचा, यंत्रशाळेत काम केलेला माणूस. त्याच्या गोष्टीत गावाचं नेतृत्व खाणकामगार संघटनेच्या माइक स्टर्न्सकडे जातं. आलेल्या निर्वासितांना बरोबरीचे नागरिक करून घ्यायचं की कुंपण घालायचं हा पहिल्या पुस्तकातला खरा झगडा आहे, रणांगणावरच्या लढाया त्यानंतर. थोड्याच काळात जर्मन माणसं संख्येने अमेरिकनांच्या कितीतरी पुढे जातात आणि त्यांच्या कल्पना ताब्यात घेऊन स्वतःच्या पद्धतीने वापरतात. इंग्रजांनी आपल्याकडे येऊन पहिल्याच वर्षी मताचा हक्क वाटला असता तर... असो. हाही एक 'जर'च.

पण मालेतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तोफा-बंदुकांची नाही. ग्रँटव्हिलच्या शाळेच्या ग्रंथालयात इतिहासाची पुस्तकं आहेत. आणि १६३१ साली ती पुस्तकं म्हणजे भविष्य! युरोपभरचे हेर ती मिळवायला धडपडतात. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला कळतं की १६४९ साली आपलं डोकं उडवलं जाणार आहे. तो क्रॉमवेलला आधीच तुरुंगात टाकतो. वालेनस्टाइनला कळतं की १६३४ मध्ये आपल्याच बाजूची माणसं आपला खून करणार, तो बाजू बदलतो. रिशल्यू अमेरिकेचं पुढे काय होणार ते वाचतो आणि इंग्रजांच्या तिथल्या वसाहती पदरात पाडून घेतो. प्रत्येक जण पुस्तकातली घटना टाळायला निघतो, आणि ती टाळली जाताच ते पुस्तक निरुपयोगी होतं. इतिहास वाचून शहाणं व्हावं म्हणतात. इथे राजे इतिहास वाचून बहुधा घाबरतात, आणि घाबरलेला राजा क्वचितच शहाणपणाने वागतो.

आता 'गोळी'कडे येतो. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ १६ नोव्हेंबर १६३२ रोजी ल्युत्सेनच्या लढाईत मारला गेला. धुकं, राजाची अधू नजर, घोडदळाबरोबर पुढे घुसण्याची सवय, आपल्या माणसांपासून तुटणं. फ्लिंटच्या मालेत तो वाचतो आणि त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. मराठी वाचकाला इथे पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. १४ जानेवारी १७६१, विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला. आपल्या जयंत नारळीकरांनी (२०२५ च्या मे महिन्यात ते गेले) याच क्षणावर 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिली. तिथे गोळी विश्वासरावांना चाटून जाते, मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचं चित्रच बदलतं.

पण दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून बघा. ल्युत्सेनला राजा पडला तरी सैन्य पळालं नाही. सॅक्स-वायमारच्या बर्नहार्डने सूत्रं हाती घेतली आणि दिवस संपताना मैदान स्वीडिशांकडे राहिलं. मागे वारस म्हणून उरली होती सहा वर्षंही पूर्ण न झालेली क्रिस्टिना. तिच्या नावाने ऑक्सेनस्टेर्ना या मुख्य प्रधानाने कारभार आणि युद्ध दोन्ही रेटलं. १६३४ मध्ये न्योर्डलिंगनला जबर मार बसला, तरीही १६४८ च्या तहात स्वीडनने पोमेरेनियाचा पश्चिम भाग पदरात पाडून घेतलाच. कारण मागे गावोगावची सैन्यभरतीची पद्धत होती, कागदोपत्री चालणारा कारभार होता आणि १६३१ च्या करारानुसार फ्रान्सकडून वर्षाला चार लाख थालर मिळण्याची सोय होती.

आणि आपण? पानिपतानंतर सगळं संपलं असं आपण हळहळून म्हणतो, पण संपलं नव्हतं. सोळा वर्षांच्या माधवरावांनी ते सावरलं. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते आणि पुढच्या वर्षी बादशहा त्यांच्या आधाराने गादीवर परतला. मग त्याच १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले. ग्रँट डफने त्यांच्या मृत्यूला पानिपताइतकाच घातक ठरवलं, ते उगीच नव्हे. पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून, मग घरातली भाऊबंदकी, आणि इंग्रज दारात.

तर मग आपला खरा 'जर' कुठला? माझ्या मते विश्वासरावांची गोळी नव्हेच. एक कर्ता माणूस गेला की सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं, हे आपलं दुखणं. विश्वासराव जगले असते तरी पुढचा ताप, पुढचा खून, पुढची गोळी होतीच. स्वीडनकडे ऑक्सेनस्टेर्ना होता म्हणण्यापेक्षा ऑक्सेनस्टेर्नाला काम करता येईल असं कार्यालय होतं, असं म्हणायला हवं. नाना फडणीस हुशारीत त्याला हार जाणारे नव्हते. त्यांच्या पायाखाली जमीनच पक्की नव्हती. फ्लिंटचे खाणकामगारसुद्धा टिकतात ते बंदुकांवर नाही. सभा घेतात, समिती नेमतात, मतदान करतात आणि माइक स्टर्न्स गावात नसला तरी गाव चालतं. कंटाळवाणी वाटतील अशी ही पानं काही वाचकांना नको असतात. मला वाटतं पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

एक गंमत सांगतो आणि थांबतो. या मालेत पुढे हिंदुस्थानही येतो. '१६३६: मिशन टू द मुघल्स' (२०१७) आणि नंतर '१६३७: द पीकॉक थ्रोन' (२०२१), ग्रिफिन बार्बर यांच्याबरोबर लिहिलेली. शाहजहान, जहानआरा, दारा शुकोह, औरंगजेब सगळे आहेत. ज्या वर्षी ग्रँटव्हिल थुरिंजियात पडलं त्या वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं? दख्खन आणि गुजरातेत १६३० ते ३२ चा भयंकर दुष्काळ. बुऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये मुमताजमहलचा मृत्यू. निजामशाही शेवटच्या घटका मोजतेय, शहाजीराजे ती वाचवायला धडपडणार आहेत. आणि १६३६ मध्ये, जेव्हा ती खरोखर बुडाली, तेव्हा शिवनेरीवर जन्मलेला जिजाबाईंचा मुलगा सहा वर्षांचा होता.

आता विचार करा. औरंगजेबाच्या हाती शाळेतलं इतिहासाचं पुस्तक पडलं, आणि त्यात पंचवीस वर्षं दख्खनमध्ये फौज झिजवून तिथेच मरण आल्याचं त्याने वाचलं, तर तो दख्खनचा नाद सोडेल? की त्या सहा वर्षांच्या मुलाला आधी शोधायला निघेल? आणि तेच पान जिजाबाईंच्या हाती पडलं तर त्या काय करतील?

माझं उत्तर असं की जिजाबाई पुस्तक मिटून ठेवतील आणि मुलाला रोजच्यासारखंच वाढवतील. पुढे राज्याभिषेक झाला, अष्टप्रधान नेमले गेले, राज्यव्यवहारकोश तयार झाला. राजा नसतानाही चालेल अशा गोष्टी घडवण्याचा तो आपल्याकडचा प्रयत्न होता. राजाराम महाराज जिंजीला असतानाही इथलं राज्य लढत राहिलं, यात त्या प्रयत्नाचाही वाटा आहेच. तिथवर आपल्याला जमलेलं होतं. मग पुढे कुठे सुटलं, हा प्रश्न मला विश्वासरावांच्या गोळीपेक्षा जास्त छळतो.

काकालोकांनो, पुढच्या जेवणावळीला पानिपत निघालं की यावर बोलू. चहा गार झाला तरी चालेल.